बटणांचा भाव

९ जानेवारी

सरांनी सांगितलं म्हणून ही वही सुरू केली. म्हणाले, रोज लिहायची सवय लागली की रोजकीर्द सोपी जाते. दिवसभरात काय आलं, काय गेलं, एवढंच लिहायचं. आज आलं: सर्दी. गेलं: काही नाही.

हिशोबाचा क्लास लाँड्रीच्या वरच्या खोलीत आहे. शाळा सुटलेल्यांसाठी, संध्याकाळचा. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे आमच्या वह्या कायम मऊ पडलेल्या. मी भिंतीकडे बसते. शाळा मी नववीत सोडली. उभं राहून धडा वाच म्हटलं की घसा बंद व्हायचा, मग पोटात दुखायचं, मग एक दिवस गेलेच नाही. बाबांनी काही विचारलं नाही. आत्याने विचारलं, "तोंडाला बटण लावलंयस का?" आमचं बटणांचं दुकान आहे, त्यामुळे घरातले टोमणेपण बटणांचेच.

घरात मला घुमी म्हणतात.

१५ जानेवारी

आज सर म्हणाले, धंदा आणि मालक हे नवराबायको नव्हेत, शेजारी आहेत. वाटीभर साखर नेली तरी लिहून ठेवायची. मालकाने दुकानातलं घरी नेलं की ती उचल. मालकाने दुकानात पैसे घातले की ते भांडवल, आणि भांडवल म्हणजे दुकानाच्या डोक्यावरचं देणं.

मागच्या बाकावरच्याने विचारलं, "सर, स्वतःच्याच दुकानाने स्वतःचे पैसे बुडवले तर?"

"तर पोलिसात जाऊन स्वतःचंच नाव सांग."

सगळे हसले. मीपण हसले, पण आतल्या आत.

२३ जानेवारी

दुकानाचे हिशोब लिहिणारे काका मुलाकडे कायमचे राहायला गेले. बाबा म्हणाले, यंदा घुमी लिहील. आत्या म्हणाली, "लिहू दे. त्यात बोलावं लागत नाही." मला आनंद झाला. चेहऱ्यावर आला नसावा, कारण आत्या म्हणाली, "नको असेल तर तसं सांग बाई."

दुकान निम्मं बाबांचं, निम्मं आत्याचं. आत्याचे यजमान गेले तेव्हा ती आमच्याकडे आली आणि तिचे होते तेवढे पैसे तिने दुकानात घातले. मग माझी आई गेली आणि आत्या राहिलीच. वर्षाच्या शेवटी नफा निघतो, त्यातला निम्मा तिचा. बाबा पाकिटात घालून देतात. ती मोजत नाही. म्हणते, "माझं मी खाते, कुणाच्या उपकारावर नाही." दर वर्षी हेच वाक्य, याच सुरात.

२ फेब्रुवारी

गिऱ्हाईक: एक बाई, कोटाचं एक बटण हरवलेलं, तसंच हवं. बाबांनी शिडी लावून सगळ्यात वरच्या ओळीतले खण उघडले. मिळालं. बाईंनी विचारलं, एकच देता ना? बाबांनी एकच दिलं, कागदात गुंडाळून. त्यानंतर दुपारपर्यंत कुणी नाही.

आमच्याकडे भिंतभर लाकडी खण आहेत. प्रत्येक खणावर आत काय आहे ते बटण चिकटवलेलं आणि खाली भावाची चिठ्ठी. शिंगाची, शिंपल्याची, पितळेची, कापड मढवलेली. पूर्वी शिंप्यांची रांग लागायची म्हणे. आता लोक तयार कपडे घेतात आणि बटण तुटलं तर शर्टच टाकतात.

बाबांच्या शर्टाला एक बटण नव्हतं, ते त्यांनी दुकानातलं लावलं. मी लिहिलं, उचल. बाबांना दाखवलं. ते बराच वेळ हसत होते. म्हणाले, "सापडलो."

११ फेब्रुवारी

दुकानाच्या जागेचा मालक आला होता. करार मार्चअखेर संपतोय. नवा करायचा तर मोठं डिपॉझिट मागतोय, दुप्पट नाही, त्याच्याही वर. समोरचा मोबाईलवाला जागेवर टपून आहे म्हणाला.

जेवताना आत्या म्हणाली, "माझी ठेव आहे बँकेत. ती मोडू."

बाबा म्हणाले, "नको."

"का नको? दुकान काय तोट्यात आहे?"

"राहू दे तुझ्याजवळ."

"दादा, माझंपण दुकान आहे ते. का मी नुसती नफ्यापुरतीच?"

बाबा ताटातलं तसंच ठेवून उठले. मला त्यांचा राग आला. दर वर्षी नफा होतो आणि यांना भीती वाटते. बायकांचे पैसे घ्यायचे नाहीत असला काही तरी जुना मान असेल.

२० फेब्रुवारी

व्यापारखातं शिकलो. वर्षाच्या शेवटी जेवढा माल शिल्लक, तो जमेच्या बाजूला लिहायचा. म्हणजे शिल्लक जितकी भारी, नफा तितका जास्त. मला गंमत वाटली. न विकताच नफा.

सर म्हणाले, "इथेच माणूस घसरतो. पुढच्या आठवड्यात सांगतो." घड्याळ बघून बंद केलं. मालिकेत काम करायला हवं होतं त्यांनी.

२४ फेब्रुवारी

आत्या बाजारात गेली होती. बाबा शिडीवर चढून खणांवरच्या चिठ्ठ्या बदलत होते. जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटवायची, नव्या भावाची. दर वर्षी करतात. मी खालून डिंक देत होते. विचारलं, भाव वाढला का? (बाबांशी मी बोलते.)

"वाढतोच की सगळ्याचा," बाबा म्हणाले.

पितळेच्या खणापाशी ते पेन्सिल कानावर ठेवून बराच वेळ थांबले. मग मोठा आकडा लिहिला. पितळेचं बटण मी जन्मात विकलेलं पाहिलं नाही.

३ मार्च

आज सरांनी सांगितलं. शिल्लक मालाची किंमत लावताना खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव, यातलं जे कमी ते धरायचं. जास्त कधीच नाही. आशेवर हिशोब लिहायचा नसतो म्हणाले.

आपण तर दर वर्षी जास्त लिहितोय.

बाबांना हा नियम माहीतच नसणार. काकांनाही नसेल. सांगायला हवं.

६ मार्च

खरेदीची किंमत शोधायची म्हणून एका खणाची चिठ्ठी वाफेवर धरून सोडवली. खाली दुसरी. तिच्याखाली तिसरी. असं करत शेवटी लाकूड आलं. सगळ्यात खालची चिठ्ठी आईच्या अक्षरातली होती. भाव अगदीच थोडा. मी ती परत चिकटवली आणि बाकीच्या खणांचं काम उद्यावर टाकलं.

१० मार्च

बाजारभावासाठी घाऊक व्यापाऱ्याकडे गेले. वाटेत तीनदा वाक्य पाठ केलं. तिथे पोचल्यावर एकही आलं नाही. नुसती पिशवी उघडून बटणं टेबलावर मांडली. तो म्हणाला, "मुकी आहेस का?" मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाच कळलं नाही. मग तो खूप सावकाश आणि मोठ्याने बोलायला लागला.

"हे. आता. कुणी. घेत. नाही."

मग कागदावर लिहूनपण दिलं. पोत्याच्या हिशोबाने घेईन, आणि पितळेचं वजनावर.

येताना रडू आलं. मुकी समजला म्हणून नाही. त्या आकड्यामुळे.

१३ मार्च

सगळं नव्याने मांडलं. सरांच्या नियमाने. नफा नाही. तोटा आहे, मोठा. मग मागच्या वर्षाचं करून पाहिलं, त्याच्या मागच्याचंही. कुठेच नफा नाही. आत्याला दिलेला वाटा नफ्यातून गेलेलाच नाही, तो भांडवलातून गेला. बाबांच्या उचलीत घरखर्च सोडला तर एक शर्टाचं बटण. त्यांचा वाटा त्यांनी कधी घेतलेलाच नाही, कागदावर तसाच पडून आहे, आणि ज्या मालात तो पडून आहे तो माल पोत्याच्या भावाचा.

बाबांना दाखवलं. त्यांनी दोन्ही पानं वाचली. चूक झाली म्हणून ओरडतील किंवा हे काय नवीन म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "छान लिहिलंयस. तेरजेच्या दोन्ही बाजू लगेच जुळल्या?"

"दुसऱ्यांदा."

"छान." मग म्हणाले, "आत्याला आत्ता नको दाखवू."

मी म्हटलं, नियम माहीत नव्हता, त्यात तुमचं काय चुकलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शटर ओढायला गेले.

१९ मार्च

जागेचा मालक परत आला. आत्याही दुकानात होती. तिने त्याला सांगून टाकलं, आठवड्यात पैसे देतो. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "बघू या. एक वर्ष बघू."

म्हणजे हो.

बाबा हो म्हणाले. पानं वाचूनसुद्धा. मला बाबा कळत नाहीत. ते दिवसभर खण पुसत होते, एकेक, जणू पाहुणे येणार आहेत.

२२ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. आत्याने बँकेचा कागद भरला आणि माझ्याकडून तपासून घेतला. ती ठेव म्हणजे तिचं सगळंच आहे. "म्हातारपणी तू बघणारेस का मला?" म्हणाली आणि हसली. मी मान हलवली. ती म्हणाली, "तोंडाने म्हण." मी नाही म्हटलं. म्हणजे बोलले नाही.

२३ मार्च

आज बोलले.

आत्या चपला घालत होती, बँकेत जायला. मी म्हटलं, "जाऊ नकोस."

"कुठे?"

"बँकेत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी ती पानं तिच्या हातात दिली. ती दारातच उभी राहून वाचत होती, एका पायात चप्पल. तिला डेबिट क्रेडिट कळत नाही, पण तोटा हा शब्द कळतो.

बाबा आतून आले. पानं बघितली आणि तिथेच थांबले.

"दादा, मग मला दर वर्षी काय दिलंस?"

"तुझा वाटा."

"कशाचा?"

बाबा तिची दुसरी चप्पल सरळ करायला वाकले.

"कशाचा, दादा?"

मी मध्ये बोलले. म्हटलं, आत्या, बाबांना नियम माहीत नव्हता, सगळे असंच लिहितात, चुकून झालं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. म्हणाली, "त्याला सगळं माहीत होतं, घुमे."

मग तिने चप्पल काढली. काढून नीट ठेवली. सगळा दिवस घरात कुणी काही बोललं नाही. मी तर घुमीच आहे, पण ते दोघं नाहीत.

२४ मार्च

माहीत असून चुकीचं कोण लिहील?

३० मार्च

सरांना हिशोब दाखवला. दुकान कुणाचं ते सांगितलं नाही. ते म्हणाले, कुठल्या पुस्तकातला आहे? मग शंभर टक्के बरोबर असं लाल पेनाने लिहिलं आणि खाली सही केली. मी ते पान फाडून टाकलं.

६ एप्रिल

दुकान मोबाईलवाल्याला गेलं. बटणं घाऊकवाल्याने नेली, हमाल पोती टेम्पोत टाकत होते. पोत्यात बटणं हलली की गारा पडल्यासारखा आवाज होतो. घाऊकवाला मला म्हणाला, "देवाने वाचा नाही दिली, पण हिशोब दिला." मी परत मान हलवली. आता तेच बरं.

देणी भागवून उरलं ते बाबांनी सगळं आत्यासमोर ठेवलं. तिने त्याचे दोन भाग केले आणि दोन्ही बाबांकडे सरकवले. म्हणाली, "माझं उचलून झालंय." बाबांनी तिचा भाग परत सरकवला. तिने परत. असं चाललं होतं, पत्ते खेळल्यासारखं. शेवटी ते पैसे तसेच टेबलावर राहिले आणि दोघं आपापल्या खोलीत गेले.

१४ एप्रिल

आत्या गेली. दुसऱ्या गावात एक वृद्धाश्रम आहे, तिथे कपडे सांभाळायचं काम, राहायची सोय आहे. बाबांनी बॅग उचलायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. झेपते मला."

बसमध्ये बसल्यावर खिडकीतून मला म्हणाली, "तू बोललीस ते बरं केलंस." मग म्हणाली, "पण मला अजून चार वर्षं कळलं नसतं तरी चाललं असतं."

यातलं खरं कुठलं धरायचं? कमी असेल ते?

२ मे

बाबा मोबाईलवाल्याकडेच लागले, आमच्याच जागेत. त्यांना मोबाईलवर काच चिकटवता येत नाही, बुडबुडे राहतात. काल एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "अजून दोन वर्षं आरामात चालेल तुमचा, नवीन कशाला घेता." मालक नुसता बघत राहिला. घरी येऊन मला सांगताना बाबा हसले. मग त्यांचं हसणं मध्येच थांबलं.

घरात भांडी मीच घासते. दोन ताटांना वेळ लागत नाही.

९ मे

बाबांनी पगारातून आत्याला पैसे पाठवले. परत आले. तेवढेच.

१२ जून

परत पाठवले. परत आले. आत्या फोनवर माझ्याशी बोलते, बाबांनी घेतला की म्हणते, "रेंज नाही." बाबा दुपारचा डबा न्यायचे बंद झालेत. उकाड्याने भूक लागत नाही म्हणतात. त्यांचा पट्टा आता शेवटच्या भोकाच्याही पुढे गेलाय, त्यांनी खिळ्याने नवं भोक पाडलं.

१८ जून

क्लासमध्ये सरांनी मला उभं केलं. पहिल्यांदाच. म्हणाले, "शिल्लक माल कमी किमतीने का धरायचा, सांग."

घसा बंद झाला. मग कसा कोण जाणे आवाज आला. म्हटलं, "नंतर सगळ्यांनी रडू नये म्हणून."

सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "बस. परीक्षेत असं लिहू नकोस, पण बस."

२७ जून

बुडीत उधारी शिकलो. गिऱ्हाईक पैसे देणार नाही असं धरून आपण ते सोडून देतो. पण पुढे कधी त्याने आणून दिलेच, तर ती बुडीत उधारीची वसुली. तो सरळ नफा. दुकान बंद झालं तरी भागीदारांमध्ये वाटून घ्यायचा.

घरी येऊन बाबांना सांगितलं. असंच, बोलायला काही तरी म्हणून. ते हात धूत होते. नळ बंद करून म्हणाले, "परत सांग."

२८ जून

बाबा म्हणाले, आपल्या जुन्या शिंप्यांची उधारी थोडी थोडी वसूल होतेय, असा हिशोब लिहून आत्याला पाठव. निम्मं तिचं.

मी विचारलं, "कुणाकुणाची वसूल झाली?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. मग मी वही काढली.

कोटवाला शिंपी. शाळेच्या गणवेशाचा कंत्राटदार. लांब मिशीवाला शिंपी, याला जास्त लिहिले. पडदेवाल्या बाई. प्रत्येकापुढे जुनी रक्कम, आज मिळाली ती, बाकी. बाबा शेजारी बसून म्हणाले, पडदेवाल्या बाई एवढ्या एकदम देणार नाहीत, कमी कर. मी कमी केले. वाटणी केली, दोन्ही बाजू जुळवल्या, खाली दोन रेघा मारल्या. इतकं स्वच्छ पान मी क्लासमध्येही कधी लिहिलं नव्हतं.

पान पाकिटात घातलं. पैसे बाबा उद्या सकाळी पाठवणार आहेत.

५ जुलै

आत्याचा फोन आला. पैसे परत आले नव्हते.

"हिशोब मिळाला," ती म्हणाली. "अक्षर छान आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो लांब मिशीवाला शिंपी."

"हं."

"तो गेला की गं. दोन वर्षं होतील. मीच गेले होते भेटायला."

पलीकडे कुणी म्हातारी बटण लावून द्या, बटण लावून द्या म्हणत होती. आत्या तिला म्हणाली, आले हो. मला वाटलं फोन कट झाला.

"बुडवणारा नव्हता तो," आत्या म्हणाली. "घरच्यांनी दिले असतील."

"हो," मी म्हटलं.

"जेवतो का तो?"

"कोण?"

"शिंपी," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबा दारात उभे होते. "घेतले?"

"घेतले. उद्यापासून डबा न्या म्हणाली."

ती तसं म्हणाली नव्हती. पण मी तसंच सांगितलं.